एकाच कागदावर सात हात

गेल्या वैशाखातील एका रविवारी सकाळी मी नुकतेच वर्तमानपत्र हाती घेतले होते, तोच दारावरची कडी वाजली. दारात आमच्या दांडिया बाजारच्याच एक परिचित बाई उभ्या होत्या. एका सहकारी पतसंस्थेच्या कचेरीत त्या अठ्ठावीस वर्षे नोकरी करीत आहेत आणि निवृत्तीस अजून पुरती दोन वर्षे आहेत. चहा नको म्हणाल्या, पाणीही नको म्हणाल्या. पिशवीतून एक घडी केलेला कागद काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला.

"भाऊ, एवढे इंग्रजी तपासून द्या."

तो स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज होता. कारण म्हणून 'प्रकृती ठीक नसल्यामुळे' असे लिहिले होते. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिले. प्रकृतीला काही झाले नव्हते. झाले होते ते वेगळेच, आणि ते त्यांच्या तोंडून बाहेर पडावयास अर्धा तास लागला.

त्यांच्या कचेरीत वर्षभरापूर्वी एक नवी व्यवस्था आली. पूर्वी मुदत ठेवींची यादी बाईंच्या टेबलावरच्या संगणकात असे. तिची प्रत ई-मेलने व्यवस्थापकांकडे जाई, तेथून दुरुस्त होऊन परत येई, आणि महिन्याच्या अखेरीस 'अंतिम', 'अंतिम दोन' आणि 'खरे अंतिम' अशा तीन याद्यांपैकी खरी कोणती, यावर वाद होई. नव्या व्यवस्थेत यादी एकच. ती कोणाच्याही टेबलावर नाही, दूरच्या संगणकात आहे, आणि कचेरीतील सातही माणसे ती एकाच वेळी उघडून तीत लिहू शकतात. निरोपांसाठी कप्पे आहेत, दूर बसलेल्या संचालकांशी समोरासमोर बोलण्याची सोय आहे. व्यवस्था चांगली आहे, यात मला शंका नाही.

तिचे शिक्षण मात्र असे झाले. एका शनिवारी एक तरुण गृहस्थ आले. पडद्यावर एकामागून एक चित्रे दाखवीत ते दोन तास इंग्रजीतून बोलले. शेवटी "काही शंका?" असे विचारले. कोणासही शंका नव्हती, कारण शंका यावयालाही थोडे समजावे लागते. टाळ्या झाल्या, बटाटेवडे झाले, आणि सोमवारपासून व्यवस्था सुरू झाली.

त्यानंतर एक दिवस बाईंना जास्त रकमेच्या ठेवी वर हव्या होत्या. त्यांनी रकमांचा स्तंभ निवडला आणि उतरत्या क्रमाने लावला. केवळ तोच एक स्तंभ! रकमा हलल्या, नावे जागच्या जागी राहिली. एका निवृत्त शिक्षकाच्या नावापुढे व्यापाऱ्याची रक्कम आली आणि व्यापाऱ्यापुढे एका विधवेची. शेजारच्या टेबलावरून हाक आली, "बेन, आ शुं थयुं?" त्याच क्षणी सातही पडद्यांवर तो घोटाळा दिसत होता. बाईंनी घाबरून आणखी दोनचार कळा दाबल्या आणि शेवटी संगणक बंद केला. व्यवस्थापकांनी सर्वांच्या समूहात निरोप टाकला. त्यात शिवी नव्हती, पण 'ज्यांना जमत नाही त्यांनी हात लावू नये' असे एक वाक्य होते. ते वाक्य सातही जणांनी वाचले. वाचल्याची खूणही प्रत्येकाच्या नावापुढे उमटली.

"नातवंडाएवढ्या पोरांनी वाचले हो, भाऊ," बाई म्हणाल्या. ठेवींच्या घोटाळ्यापेक्षा त्यांना ती खूण अधिक लागली होती.

मी अर्ज तपासला नाही. "आठ दिवस माझ्याकडे ठेवतो," एवढेच म्हणालो. त्याचे कारण वाचकांस सांगितले पाहिजे, आणि ते माझ्या भूषणाचे नाही.

नव्वदच्या दशकात मी ज्या कचेरीत अधीक्षक होतो, तेथे पहिले संगणक आले. माझ्या हाताखाली एक वयस्क कारकून होते. मोत्यासारखे अक्षर, तोंडी बेरीज यंत्राहून बिनचूक. संगणकाच्या कळांवर त्यांचे बोट भीत भीत पडे. मी त्यांना शिकविण्याची खटपट आठवडाभर केली, आठव्या दिवशी सर्वांदेखत एक विनोद केला, आणि पुढच्या महिन्यात त्यांना आवक-जावक विभागात बसविले. त्यांनी तक्रार केली नाही. वर्षभराने मुदतीपूर्वीच निवृत्ती घेतली. त्यांच्या निरोपसमारंभात मी चांगले भाषण केले होते. तो अर्ज हाती आला तेव्हा मला त्यांचे ते बोट आठवले.

त्या संध्याकाळी मी बाईंच्या कचेरीतील रोखपाल मुलाला बोलावून घेतले. बाईंना तो मावशी म्हणतो. त्याला एवढेच विचारले, की यादी कालच्या स्थितीत परत नेता येते काय? तो म्हणाला, "काका, ती तर त्याच दिवशी दोन मिनिटांत नेली. साहेबांनी फोन करून कोणाला तरी विचारले. पण मावशींना ते कोणी सांगितलेच नाही."

वाचकहो, सारे दुःख या एका वाक्यात आहे. ज्या व्यवस्थेत चूक दोन मिनिटांत पुसली जाते, त्या व्यवस्थेत चुकीपायी एक बाई नोकरी सोडावयास निघाली होती. कारण दोन तासांच्या त्या शिक्षणात पुढे जाण्याच्या सत्तर वाटा दाखविल्या होत्या आणि परत येण्याची एकही दाखविली नव्हती.

ही अडचण आमच्या एका पतसंस्थेची नाही. अनेकांनी एकाच वेळी एका कागदावर काम करावे, ही कल्पना संगणकाच्या जगात जुनी आहे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे ९ डिसेंबर १९६८ रोजी डग्लस एंगलबार्ट या संशोधकाने सुमारे दीड तासाचे एक प्रात्यक्षिक करून दाखविले होते. आज प्रत्येक टेबलावर दिसणारा माउस त्यात होता, आणि कित्येक मैल दूर बसलेल्या सहकाऱ्यासह पडद्यावर एकच मजकूर पाहत बोलत काम करणेही होते. १९८९ मध्ये लोटस नोट्स ही कचेऱ्यांसाठीची प्रणाली आली. २००६ पासून गूगलचे सामायिक कागद आले, २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टचे टीम्स सर्वत्र मिळू लागले. आणि २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, तेव्हा ज्यांनी ही नावेही ऐकली नव्हती त्यांना ती साधने एका रात्रीत वापरणे भाग पडले. ज्या गोष्टीला जगाने पन्नास वर्षे घेतली, ती आपण कारकुनाला दोन तासांत शिकवू पाहतो.

शिकण्याच्या या अडचणीचा अभ्यासही झालेला आहे. आयबीएम या कंपनीत जॉन कॅरोल नावाचे संशोधक होते. कचेरीतील माणसे लेखनाची नवी यंत्रे कशी शिकतात, हे १९८० नंतरच्या काळात त्यांनी जवळ बसून पाहिले. त्यांना दिसले ते असे, की जाड पुस्तक कोणी पहिल्यापासून वाचत नाही. माणूस आपले काम घेऊन येतो, ते लगेच करू पाहतो, चुकतो, आणि चुकीतून बाहेर कसे यावे हे न कळल्याने अडकून बसतो. तेव्हा कॅरोल यांनी पुस्तक अगदी लहान केले, खरी कामे आधी घेतली, आणि चुकल्यावर काय करावे याला त्यात मानाचे स्थान दिले. नवशिक्यांसाठी त्यांनी एक यंत्रही तयार केले, त्यातील घातक कळा दाबल्या तरी चालत नसत. लहान मुलाच्या सायकलला मागे दोन छोटी चाके लावतात, तसेच हे. १९९० साली त्यांनी या विषयावर ग्रंथ लिहिला. न्यूरेंबर्ग शहराच्या नावाने युरोपात एक गमतीची कल्पना रूढ आहे, की डोक्याला नरसाळे लावून त्यातून विद्या ओतावी. त्या नरसाळ्याचे नाव त्यांनी आपल्या ग्रंथाला दिले. आमच्या बाईंच्या कचेरीत त्या शनिवारी तेच नरसाळे आले होते.

बाई तयार झाल्या त्या एका अटीवर. शिकवणी कचेरीत नको, आमच्या ओसरीवर हवी. शिकविणारा तो रोखपाल मुलगा आणि मी नुसता जवळ बसणारा. पहिल्या दिवशी मुलाने ठेवींच्या यादीची एक खोटी प्रत केली. नावे सारी कल्पित, कोणाच्या नावावर लाख तर कोणाच्या नावावर सव्वा रुपया. तिला आम्ही 'नासवण्याची वही' असे नाव दिले. मग तो म्हणाला, "मावशी, आता हिचा होईल तितका नाश करा."

बाईंचा हात उचलेना. शेवटी त्यांनी तोच स्तंभ निवडला, तीच कळ दाबली. रकमा विस्कटल्या. मुलाने नियंत्रण कळ आणि झेड एकदम दाबावयास सांगितले. रकमा आपापल्या जागी आल्या. बाईंनी पुन्हा विस्कटल्या, पुन्हा आणल्या. असे सहासात वेळा झाले. मग त्याने वही बंद करून पुन्हा उघडावयास लावली, कारण बंद केल्यावर त्या कळांचा भरवसा राहत नाही. तेव्हा उपयोगी पडतो तो जुन्या आवृत्त्यांचा कप्पा. गूगलच्या शीट्समध्ये 'फाइल' या यादीत 'व्हर्जन हिस्टरी' म्हणून तो असतो. कोणी, केव्हा, काय बदलले ते तेथे तारीखवेळेसह दिसते आणि हवी ती जुनी स्थिती परत आणता येते. मायक्रोसॉफ्टच्या एक्सेलमध्येही तो आहे, मात्र फाइल त्यांच्या वनड्राइव्हवर किंवा शेअरपॉइंटवर ठेवलेली असावी लागते. संपूर्ण फाइलच पुसली गेली, तरी गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती तीस दिवस राहते.

बाईंनी कालची स्थिती परत आणली, आणि पदराने कपाळ पुसून म्हणाल्या, "म्हणजे हे रजिस्टर खाडाखोड विसरत नाही!" मला वाटते, शिक्षण त्या क्षणी झाले. पुढचे सारे सरावाचे होते.

दुसऱ्या दिवशी मूळ घोटाळ्याचा उपाय निघाला. यादी आपल्यापुरती वेगळ्या क्रमाने पाहावयाची असेल, तर सर्वांच्या यादीला हात लावावयाचे कारणच नाही. गूगलमध्ये 'फिल्टर व्ह्यू' आणि एक्सेलमध्ये 'शीट व्ह्यू' अशी सोय असते. ती घेतली म्हणजे क्रम आपल्याच पडद्यावर बदलतो, शेजाऱ्याच्या पडद्यावर नाही. तिसऱ्या दिवशी अधिकारांच्या तीन पायऱ्या झाल्या. केवळ वाचणारा, शेरा देणारा आणि लिहिणारा. शेरा देणे बाईंना फार आवडले. मूळ मजकुरास न दुखविता समासात टाचण करावे, ही तर जुन्या कचेऱ्यांचीच रीत. चौथ्या दिवशी एक ताकीद झाली. यादीचा दुवा 'ज्याच्याजवळ असेल तो पाहील' अशा रीतीने कधीही पाठवू नये. ठेवीदाराची नावे आणि रकमा बाजारात टांगण्यासारखेच ते आहे. आपला पासवर्ड टेबलाच्या काचेखाली ठेवू नये, हेही बाईंना सांगावे लागले. त्या हसल्या, कारण तो तेथेच होता.

शब्दांची अडचण मात्र रोजच येई. 'सिंक', 'शेअर', 'चॅनेल', 'थ्रेड' यांनी बाई दबून जात. तेव्हा मला आमच्या महाराजांची आठवण झाली. सयाजीराव महाराजांनी राज्यकारभाराचे शब्द आठ भाषांत देणारा 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' १९३१ साली सिद्ध करविला. कारभार ज्याने करावयाचा त्याला त्याचे शब्द आपल्या भाषेत समजले पाहिजेत, हा त्यामागचा विचार. आम्हीही एका वहीत छोटा कल्पतरू मांडला. चॅनेल म्हणजे विषयाचा कप्पा. थ्रेड म्हणजे एका पत्राला टाचलेली उत्तरे. शेअर म्हणजे किल्ली देणे. समोर मराठी, तिसऱ्या रकान्यात गुजराती. इंग्रजी शब्द बदलावयाचा आमचा हट्ट नव्हता. त्याची भीती जावी एवढाच हेतू होता, आणि ती गेली.

आता व्यवस्थापकांविषयी. मी त्यांना भेटलो. गृहस्थ सज्जन आहेत, पण त्यांची स्वतःची एक सवय सुटली नव्हती. सामायिक यादी समोर असूनही ते रोज सायंकाळी बाईंकडून छापील यादी मागत. म्हणजे कारकुनाने दोनदा काम करावे, आणि नव्या व्यवस्थेची सोय साहेबांना व्हावी! जोनाथन ग्रुडिन या अभ्यासकाने १९८८ सालीच दाखवून दिले होते, की अशा सामायिक साधनांचा घात बहुधा येथेच होतो. कष्ट एकाला पडतात आणि लाभ दुसऱ्याला मिळतो. वांडा ऑर्लिकोव्स्की या विदुषींनी १९९२ मध्ये एका मोठ्या सल्लागार कंपनीतील लोटस नोट्सचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात याचीच दुसरी बाजू आहे. तेथे माणसे परस्परांच्या स्पर्धेत होती. माझे ज्ञान सर्वांसाठी उघडे केले तर माझी किंमत काय राहिली, असे त्यांना वाटे. शिवाय शिकण्यात घालविलेला वेळ कोणत्याही अशिलाच्या बिलात धरता येत नसे. म्हणून यंत्र सामायिक असले तरी माणसे वेगळीच राहिली.

हे मी त्यांच्यापुढे मांडले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि तीन गोष्टी मान्य केल्या. छापील यादी बंद. शिकण्यासाठी आठवड्यातून दोनदा अर्धा तास कामाच्या वेळेतच. आणि चुकीबद्दल बोलावयाचे ते त्या माणसाशी एकांतात, समूहात नाही. तिसरी गोष्ट मान्य करताना ते थोडे थांबले. मग म्हणाले, "ते वाक्य मी रागात लिहिले होते." मी म्हटले, "साहेब, हे माझ्यापुढे नको, त्यांच्यापुढे म्हणा." ते म्हणाले की नाही, हे मी बाईंना विचारलेले नाही.

ज्यांच्या घरी किंवा कचेरीत अशी शिकवणी चालू असेल, त्यांच्यासाठी अनुभवाचे चार शब्द लिहून ठेवतो. पहिला धडा परत येण्याच्या वाटेचा असावा. दुसरे, शिकणाऱ्याच्या रोजच्या कामांतले एकच काम घ्यावे आणि ते पुरते हाती आल्याखेरीज दुसऱ्याला हात घालू नये. तिसरे, शिकविणाऱ्याने माउस आपल्या हाती घेऊ नये. शिकविणाऱ्याला तो मोह अनावर होतो, पण पाहणाऱ्याचे बोट त्यामुळे अडाणीच राहते. चौथे, कचेरीने आपसात करार करावा, की कोणता निरोप कोठे लिहावयाचा, फाइलींची नावे कशी द्यावयाची, तातडीचे असेल तर फोनच करावयाचा, आणि सायंकाळनंतर आलेल्या निरोपाचे उत्तर सकाळी दिले तरी चालेल. हा करार कोणतेही यंत्र करून देत नाही.

आमच्या या संस्थानात १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सर्वत्र प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. पुढे पुस्तके घेऊन फिरती वाचनालये खेड्यांपर्यंत जाऊ लागली. खेडुताने शहरात येऊन शिकावे असे न म्हणता, पुस्तकच त्याच्या दारी गेले. प्रौढ माणसाला नवी विद्या द्यावयाची असेल तर आजही दुसरी वाट मला दिसत नाही. ती त्याच्या टेबलापाशी, त्याच्या भाषेत आणि त्याची लाज राखून गेली पाहिजे.

बाईंचा अर्ज दोन महिने माझ्या टेबलाच्या खणात होता. परवा त्या आल्या त्या तो मागण्यासाठी नव्हे. कचेरीतील शिपायाला टपालाची नोंद त्या सामायिक यादीत करावयास शिकवीत आहेत आणि त्याच्यासाठी 'नासवण्याची वही' नवी करून हवी होती. "त्याला आधी बिघडवू द्या म्हटले," बाई म्हणाल्या, "म्हणजे भीती मोडते." जाता जाता मीच अर्जाची आठवण केली. त्यांनी तो घेतला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर किराण्याची यादी लिहून पिशवीत ठेवला. आजही रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या ठेवींची बेरीज लाल शाईने आपल्या जुन्या वहीत उतरवून मगच घरी जातात. व्यवस्थापक त्यावर काही बोलत नाहीत, आणि कोणी बोलूही नये.

माझ्या त्या जुन्या सहकाऱ्यांना मात्र आता काहीच सांगता येत नाही. ते जाऊन बरीच वर्षे झाली. आवक-जावकच्या रजिस्टरातील त्यांचे अक्षर शेवटच्या पानापर्यंत तसेच मोत्यासारखे होते, एवढे मला आठवते.